भोरड्यांचे पाच गुंठे

हायवेला हुरड्याच्या पाट्या लागल्या की माझ्या टेबलावर दोन जुन्या हार्डडिस्क येतात. मोडनिंबच्या अलीकडे-पलीकडे शेताशेतात मांडव पडलेले असतात, पुण्याच्या गाड्या रांगेनं उभ्या असतात, आगटीचा धूर रस्त्यावर येतो. निम्मं सोलापूर शेंगाचटणी बांधून कुणाच्या ना कुणाच्या रानात जातं, आणि मी यंत्रमागांच्या कारखान्यावरच्या माझ्या एडिटिंगच्या खोलीत बसून त्या डिस्कवरचा ऐवज नव्या डिस्कवर उतरवत असते. डिस्क कपाटात ठेवली म्हणजे टिकली, असं नसतं. ती अधूनमधून लावावी लागते, उघडून बघावी लागते, आणि तिनं मान टाकायच्या आत आतलं सगळं दुसरीकडे हलवावं लागतं. मैत्रिणी फोन करतात, एक दिवस काम बंद ठेवलंस तर जग बुडणार नाही म्हणतात. मी म्हणते, हे झालं की येते. ते होईपर्यंत मला कुठं जाववत नाही.

त्या डिस्कवर एका हिवाळ्याची ज्वारी आहे. मैंदर्गीच्या शिवारातली, काळ्या रानातली, माणसाच्या डोक्यावर गेलेली. तिथं आता ऊस उभा आहे. पण डिस्कवर त्या ज्वारीचं एकेक पान सुटं दिसतं, वाऱ्यानं शेजारच्या पानावर घासताना दिसतं. हे सुटं दिसणं मला फुकट मिळालेलं नाही. आधी ते मी माझ्या हातानं घालवलं होतं, आणि परत मिळवायला एका बाईला जन्माच्या सवयीविरुद्ध वागावं लागलं.

गंगव्वा तिचं नाव. साठी ओलांडलेली, काटक, बोलायला थोडी फटकळ. मैंदर्गी म्हणजे कर्नाटकाच्या उंबऱ्यावरचं गाव; तिथली माणसं मराठीत सुरू केलेलं वाक्य कानडीत संपवतात आणि त्यात आपण काही वेगळं केलं असं त्यांना वाटत नाही. मी तिच्याकडे गेले होते ते ज्वारीच्या राखणीवर छोटी फिल्म करायला. पंधरा वर्षं लोकांची लग्नं शूट केल्यावर ही माझी पहिली स्वतःची फिल्म. सिनेमाचा चांगला कॅमेरा पुण्याच्या मैत्रिणीनं हंगामभर वापरायला दिला होता.

ज्वारी दाण्यावर आली की भोरड्या येतात. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या मैना, दर हिवाळ्यात फार लांबून आपल्याकडे उतरणाऱ्या. आकाशात त्यांचा थवा वळताना बघत राहावासा वाटतो, पण तो रानात बसला की उठेपर्यंत कणसांच्या नुसत्या काड्या राहतात. त्याला बसूच द्यायचं नाही, हे राखण करणाऱ्याचं काम. चार मेढींवर बांधलेला माळा, हातात गोफण, ओटीत खडे. उजाडल्यापासून ऊन तापेपर्यंत आणि पुन्हा ऊन उतरल्यावर अंधार पडेपर्यंत. गंगव्वा लग्न होऊन आली त्या वर्षापासून हे करत होती.

घरात मात्र हे काम कुणी कामात धरत नव्हतं. पेरणी हे काम, खुरपणी हे काम, काढणी तर मोठंच काम. राखण म्हणजे बसणं. अव्वा माळ्यावर बसती, असं तिचा मुलगा मल्लिनाथ सहज म्हणायचा, त्यात वाकडेपणा नसायचा. पुढच्या वर्षी रानात पाइपलाइन येणार होती आणि ज्वारी जाऊन ऊस लागणार होता. गंगव्वाला त्याचं दुःख नव्हतं. उसाला राखण लागत नाही, गुडघे सुटतील, असं म्हणायची. तिला एकच गोष्ट हवी होती, आणि ती तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितली.

"मी दिसली न दिसली तरी चालंल," ती म्हणाली. "पाखरं दिसू द्यात. पाखरं दिसली म्हंजी मी काय करत हुती ते कळंल की."

मी बिनधास्त हो म्हटलं. कॅमेरा भारीतला होता, मला काय अवघड होतं?

इथं थोडं यंत्राबद्दल सांगावं लागेल. कॅमेरा जे बघतो ते जसंच्या तसं कार्डावर लिहायला लागला तर कार्ड बघता बघता भरतं. म्हणून तो ते दाबून, घडी घालून लिहितो. ही घडी घालायची रीत म्हणजे कोडेक. भारी रीतीत प्रत्येक फ्रेम पुरती लिहिली जाते. हलक्या रीतीत एक फ्रेम पुरती, आणि तिच्या पुढच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढं. लग्नाच्या शूटिंगला ही हलकी रीत अगदी सोयीची. नवरानवरी स्टेजवर चार तास बसलेली, मागं फुलांची भिंत, बदलतो फक्त आहेर देणारा माणूस. माझे कामातले जोडीदार शकीलभाई आणि मी पंधरा वर्षं असंच शूट करत आलो. कॅमेऱ्याची मांडणी आणि कार्डांचा सांभाळ त्यांच्याकडे, फ्रेम माझ्याकडे. मैंदर्गीला निघताना त्यांनी सवयीनं नेहमीची हलकी रीत लावली आणि मी सवयीनं मान डोलावली. दोनच कार्डं, रानात विजेचा भरवसा नाही. आम्हाला तो शहाणपणा वाटला.

पण ज्वारीचं रान म्हणजे लग्नाचं स्टेज नव्हे. वारा आला की तिथं प्रत्येक पान, प्रत्येक कणीस एकदम हलतं. काय बदललं? सगळंच बदललं. एवढं सगळं थोडक्या जागेत लिहिताना कॅमेऱ्याची तारांबळ उडते आणि तो हातातलं टाकून द्यायला लागतो. आधी टाकतो ते सगळ्यात बारीक आणि सगळ्यात चपळ. शूटिंग चालू असताना हे कळतही नाही, कारण पडद्यावर दिसतं ते कॅमेऱ्यानं पाहिलेलं असतं, लिहिलेलं नसतं. आम्ही रोज लॅपटॉपवर चाळून बघत होतो, तेवढ्याशा पडद्यावर सगळं झकास होतं. नऊ दिवस शूट केलं. थंडीनं ट्रायपॉडचं लोखंड हाताला झोंबायचं, ज्वारीच्या पानांनी मनगटं चिरली, आणि आम्ही मोठ्या खुशीत सोलापूरला परतलो.

फेब्रुवारीत मल्लिनाथ पाण्याच्या मोटारीचं सामान न्यायला सोलापुरात आला आणि चहाला म्हणून वर आला. मी त्याला त्याच्या आईचं काम मोठ्या पडद्यावर लावून दाखवलं. मीही ते एवढं मोठं प्रथमच बघत होते. माळ्यावर गंगव्वा उभी, गोफण गरगर फिरतेय, हाऽ हाऽ असा तिचा आवाज खोलीभर. आणि समोर रानाच्या जागी पिवळंहिरवं पिठलं. थवा कुठंच नव्हता. चित्र थांबवलं तर पाखरांच्या ठिकाणी मातकट चौकोन.

मल्लिनाथ पुढं वाकून बघत राहिला आणि मग हसला. "अव्वा कुनाला हाकलायलीय? पाखरं तर न्हाईतच की." चहा संपवून जिना उतरताना म्हणाला, "मी म्हनतोयच, तिला नुस्तं बसायचा नाद हाय."

त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याला दिसलं ते तो बोलला, आणि त्याला तसं दिसावं अशी तजवीज मी केली होती. चाळीस वर्षं कुणी न पाहिलेलं काम दाखवायला मी गेले आणि ते नव्हतंच, असा पुरावा तयार करून आले. त्या दुपारी मला स्वतःची इतकी लाज वाटली की शकीलभाईंना फोन करायलाही तासभर लागला.

तोवर करायचे ते सगळे उद्योग मी केले. चित्र धारदार करून पाहिलं, रंग वाढवून पाहिले, उजेड कमी करून पाहिला. जेवढं ओढावं तेवढे चौकोनच ठळक व्हायचे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शकीलभाई आले, पाचेक मिनिटं पडद्यासमोर उभे राहिले. "गलती मेरी बी है, ताई," म्हणाले. "चलो, फिरसे करते." मला तेव्हा तेवढंच ऐकायचं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही अक्कलकोटच्या रस्त्याला होतो.

पोचलो तेव्हा काढणीची टोळी रानात उतरलेली होती. आजूबाजूची रानं केव्हाच मोकळी झालेली, जागोजागी कडब्याच्या पेंढ्या. एवढ्या शिवारात उभी ज्वारी उरली होती ती गंगव्वाची, आणि तिच्यातही एका कडेनं बायका-गडी ताटं उपटत पुढं सरकत होते. सगळीकडे मुळांसकट निघालेल्या मातीचा कोरडा वास. मी बांधावर बसून गंगव्वाला लॅपटॉप दाखवला. काही लपवलं नाही; पाखरं माझ्यामुळं गेली, हे सरळ सांगितलं.

तिनं डोळे बारीक करून पाहिलं. "येड लागल्यावानी दिसतीया ही बाई," एवढंच म्हणाली. स्वतःलाच ती 'ही बाई' म्हणाली, ते मला अजून टोचतं.

मग तिनं पदर खोचला आणि टोळीच्या मुकादमाला हाक मारून सांगितलं, की माळ्याभोवतीचे पाच गुंठे सोडून बाकीचं काढा. मल्लिनाथ धावत आला. त्याचं म्हणणं व्यवहाराचं होतं. टोळी उद्या दुसऱ्या गावाला जाणार, पुन्हा मिळणार नाही. मोकळ्या शिवारात एवढाच तुकडा राहिला तर साऱ्या मुलखाच्या भोरड्या त्याच्यावर पडतील. आणि मागाहून उपटणार कोण? मी म्हटलं, आम्ही उपटू. त्यानं नुसतं माझ्या हातांकडे पाहिलं. गंगव्वा म्हणाली, माळा माझा आहे, मी सांगते तेवढं उभं राहील. पाच गुंठे उभे राहिले.

या वेळी आम्ही भारी रीत लावली, प्रत्येक फ्रेम पुरती. एका कार्डात जेमतेम वीस मिनिटं मावत होती. म्हणजे कॅमेरा सुरू ठेवून वाट बघत बसायची सोय नाही. शकीलभाई बाभळीखाली ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत लॅपटॉप आणि दोन डिस्क घेऊन बसले. कार्ड भरलं की दोन ठिकाणी उतरवायचं, दोन्ही उघडून बघायचं, मगच पुसायचं. मी घाई केली की म्हणायचे, "नक्को ताई. पैले देखूंगा, फिर पोंछूंगा." घोडचूक केलेल्या माणसाला असा सोबती मिळणं हे नशीब.

आणि कॅमेरा कधी सुरू करायचा हे गंगव्वा सांगणार होती. ते दुसऱ्या कुणाला सांगताच आलं नसतं. कोवळं ऊन बाभळीच्या शेंड्यावरून खाली कुठवर आलं की भोरड्या उठतात, ओढ्याकडून येतात की गावाकडून, पहिली टेहळणीची दहा-वीस कधी येतात आणि मागचा थवा कधी, हे तिला घड्याळाशिवाय कळत होतं. पंधरा वर्षांत मला असा दिग्दर्शक मिळाला नव्हता.

पण पहिली सकाळ वाया गेली. थवा आला, मी कॅमेरा सुरू केला, आणि पाखरं ज्वारीपासून अजून हातभर वर असतानाच गोफणीचा फट् असा आवाज झाला. थवा वळून गेला. पुन्हा आला, पुन्हा फट्. दोन्ही कार्डं रिकाम्या आभाळानं भरली. गंगव्वा स्वतःवरच चिडली होती. हात ऐकत नाही, म्हणाली. मी माळ्याखाली उभी राहून विचार करत होते, की हिचं काम चोख झालं की रानात पाखरूच दिसत नाही, मग ते कुणाला दिसणार कसं? तिचं काम दिसायचं तर ते आधी तिनं थांबवायला हवं होतं. हे तिला सांगायला माझी जीभ रेटेना.

मला सांगावं लागलं नाही. दुपारी भाकरी खाताना ती बराच वेळ त्या उभ्या ज्वारीकडे बघत होती. ऊन उतरल्यावर माळ्यावर चढली, गोफण काढली आणि खाली माझ्या हातात दिली.

"ही तुमी धरा," ती म्हणाली. "आज जेवू द्या त्यास्नी."

टेहळणीची पाखरं आली. बसली. मागून थवा आला, एकदा वळला, दुसऱ्यांदा वळला, आणि अख्खा खाली उतरला. ताटं वाकली. मी इतक्या जवळून ते कधी ऐकलं नव्हतं. हजार चोची दाणे फोडताना होणारा तो बारीक कुरकुर आवाज, आणि मधूनमधून पंखांची फडफड. गंगव्वा माळ्यावर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. तिचे खांदे सारखे हलत होते. जन्मभर एक दाणा न देणारी बाई डोळ्यांदेखत रान देत होती, आणि तोंड फिरवत नव्हती, सगळं बघत होती. माझा डोळा कॅमेऱ्याला होता म्हणून बरं. तो ओला झाला तरी कुणाला दिसणार नव्हता. कार्डावरचे आकडे उतरत होते. अकरा मिनिटं, नऊ, सहा. कधी थांबवायचं ते तिचं होतं.

"साकू," ती म्हणाली. कानडीत, पुरे. आणि हात खाली केला.

मी गोफण वर दिली. ती उभी राहिली, दोन वेढे दिले, आणि फट्. सगळं रानच उठल्यासारखं झालं. ज्वारीतून गुलाबी-काळं असं काही वर आलं, माळ्याच्या दोन्ही बाजूंनी फाटलं, आणि मध्ये गंगव्वा, पुढचा खडा गोफणीत घालणारी. मी फोकस धरून ठेवला. तो सुटला असता तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन वेळा तेच केलं. तिसऱ्या दिवशी शकीलभाई आणि मी उरलेले पाच गुंठे उपटायला वाकलो. भेगाळलेल्या काळ्या जमिनीतून ज्वारीचं ताट सहजी निघत नाही, पाय रोवून कंबरेतून ओढावं लागतं. दहाव्या ताटाला तळहात सोलले. अर्ध्याअधिक कणसांवर दाणा नव्हता. मल्लिनाथ तासभर बांधावरून आमची तऱ्हा बघत होता, मग रानात उतरला आणि आमच्या दोघांच्या दुप्पट वेगानं पुढं गेला.

पुढचं काम खोलीतलं. त्या भारी फाइली माझ्या कॉम्प्युटरला पेलेनात, अडखळत चालायच्या. म्हणून त्यांच्या हलक्या नकला करून त्यांच्यावर कापाकापी केली आणि शेवटी नकला काढून त्या जागी मूळ चित्र जोडलं. मला हा टप्पा नेहमी आवडतो. आपणही आठवणींच्या अशा हलक्या नकलाच डोक्यात घेऊन फिरतो, रोजच्या कामाला त्या पुरतात. पण कुणाच्या तरी बाजूनं साक्ष द्यायची वेळ आली की मूळ काढावं लागतं, आणि ते जपलेलं असावं लागतं. रंगांचं म्हणाल, तर असं शूट केलेलं चित्र आधी राखाडी, फिकं असतं, रंग नंतर चढवायचा. गंगव्वानं तसलं फिकं चित्र रानात पाहिलं होतं आणि ह्याला जरा हळद लावा की, असं सुचवलं होतं. मी लावली, पण बेतानं. हिवाळ्याची सकाळ सोनेरी करून टाकायचा मोह होतो. ती तशी नव्हती, गार आणि निळसर होती, आणि मी ती तशीच ठेवली.

फिल्म तयार झाल्यावर ती पेनड्राइव्हवर देऊन मोकळं होता आलं असतं. पण त्यांच्या टीव्हीला भारी फाइल चालली नसती, आणि पुन्हा घडी घालून हलकी करायला माझा हात धजेना. म्हणून मी लॅपटॉप आणि वायर घेऊन मैंदर्गीला गेले. दुपारची वेळ. बाहेर पाइपलाइनचे काळे पाइप येऊन पडलेले होते. मल्लिनाथ खुर्चीत, गंगव्वा भिंतीला टेकून जमिनीवर, मी वायर धरून उभी, कारण ती सारखी निसटत होती.

थवा उतरला तेव्हा मल्लिनाथनं पाय खाली घेतले. गोफण वाजली, रान उठलं, आणि तो म्हणाला, थांबवा. मी थांबवलं. चित्र स्वच्छ थांबलं. प्रत्येक पाखरू सुटं, चोच उघडी, कुणाच्या पायात कणसाचा तुकडा. तो उठून टीव्हीजवळ गेला आणि एका कोपऱ्यापासून बोट ठेवत मोजायला लागला. तीस-चाळीसपर्यंत मोजलं असेल. मग बोट तसंच काचेवर ठेवून त्यानं मागं वळून विचारलं, "अव्वा, येवढी यायची? रोज?"

गंगव्वा टीव्हीकडेच बघत होती.

"सकाळी," ती म्हणाली. "आन परत सांजच्याला."